सुकाणू कुणाच्या हाती?

२०२५ च्या सप्टेंबरातली गोष्ट. संकष्टी नुकतीच होऊन गेली होती. गणपतीपुळ्याला संकष्टीचं काय असतं ते इथं येऊन गेलेल्या मैत्रिणींना सांगायला नको. देवळाची रांग, त्यात डोंगराची प्रदक्षिणा घालणारे वेगळे, आणि आमच्यासारख्या घरगुती खोल्या देणाऱ्या बायकांना भांडी घासायलाही उसंत नाही. गर्दी ओसरल्यावर पुण्याचं एक कुटुंब तेवढं राहिलं होतं. सकाळी त्यातल्या काकूंना मी घावणे वाढत होते, आणि त्यांनी पेपरातला फोटो माझ्यापुढे धरला. गेटवे ऑफ इंडियाजवळ शिडाची एक बोट आणि तिच्यावर दहा जणी. सैन्यदल, नौदल आणि हवाई दल अशा तिन्ही दलांतल्या महिला अधिकारी ‘त्रिवेणी’ नावाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या होत्या. नऊ महिने आणि सुमारे २६ हजार सागरी मैल असा बेत. मोहिमेच्या प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर. मोहिमेला नाव दिलं होतं ‘समुद्र प्रदक्षिणा’.

काकू म्हणाल्या, “तुमच्याकडे तर दारात समुद्र. इथं बायका चालवतात का हो बोटी?”

मी हसले. म्हटलं, “छे हो! आमच्याकडे बायका चुलीवर आणि बाप्ये बोटीवर.”

ताटं उचलायला माझी भाची आली होती. माझं माहेर जयगडच्या खाडीकडचं. धाकट्या भावाची इंजिनाची होडी आहे, पर्यटकांना खाडीत फिरवून आणायची. मोसमात भाची कधी माझ्या मदतीला येते, कधी बापाच्या. ती ताटं हातात घेऊन तिथंच थांबली आणि म्हणाली, “आत्या, खोटं कशाला सांगतेस? बाबा जेवायला गेले की होडी मीच चालवते.”

काकूंनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मात्र पोटात गोळा आला. अभिमानाने नव्हे, भीतीने. का, ते पुढे सांगते.

नाखवा आणि नाखवीण

आपल्या भाषेची एक गंमत बघा. होडीचा मालक तो नाखवा, होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. नाखव्याची बायको ती नाखवीण. जशी पाटलाची पाटलीण, मास्तरांची मास्तरीण, डॉक्टरांची डॉक्टरीण. पुढे मुली स्वतः शिकल्या, शाळेत शिकवू लागल्या, दवाखाने थाटू लागल्या, आणि ‘मास्तरीण’, ‘डॉक्टरीण’ या शब्दांचा अर्थ आपोआप बदलला. नाखवीण मात्र अजून नाखव्याची बायकोच राहिली आहे. तांडेलीण तर कुणाच्या तोंडी मी कधी ऐकली नाही.

म्हणजे बायकांना समुद्र नवा होता असं नाही. माझी आजी रत्नागिरी बंदरावरून आगबोटीने मुंबईला जायची. आगबोट लांब उभी. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, आणि तो लाटांवर वरखाली होत असताना काखेत पोर आणि डोक्यावर बोचकं घेऊन बोटीवर चढायचं. आजी सांगायची, “पाय टाकायचा तो लाटेच्या वरच्या टोकाला. चुकला तर खाली.” लाट बघून वेळ साधणं हेच तर दर्यावर्दीपण. आजीला ते येत होतं. पण ती उतारू होती, एवढंच.

भरती-ओहोटीचा हिशेबही आमच्या घरात बायकांनाच पक्का. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असली तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे संकष्टीला दुपारी तीनच्या सुमारास पाणी भरलेलं असणार आणि नऊच्या सुमारास ओसरलेलं. अर्धापाऊण तासाचा फरक पडतो, पण कालवं काढायला कधी जायचं हे ठरवायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे, दुपारनंतर खारा वारा उलटा. शिडाची बोट चालवणाऱ्या माणसाला हेच तर लागतं! वारा कुठून, पाणी कुठे, तळ किती खोल. बाकीचं शिकता येतं.

भाड्याची बोट म्हणजे काय?

पुण्याच्या काकूंची लेक परदेशात असते. त्या दोघी ग्रीसला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घेतली होती. बोटीची कप्तान होती एक तिशीतली मुलगी. हे ऐकल्यावर भाचीने ताटं खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर मांडीच घातली.

हा धंदा तिकडे मोठा आहे. ग्रीस, क्रोएशिया, तुर्कस्तान अशा देशांत उन्हाळ्याच्या मोसमात हजारो बोटी आठवड्याच्या बोलीवर भाड्याने जातात, बहुतेक शनिवार ते शनिवार. ज्यांना स्वतःला बोट चालवता येते ते नुसती बोट घेतात. ज्यांना येत नाही ते बोटीबरोबर कप्तान घेतात. आणि ज्यांच्याकडे पैसा आहे ते कप्तान, स्वयंपाकी असं सगळंच. म्हणजे आमच्यासारखंच हो. कुणाला नुसती खोली हवी, कुणाला जेवणासकट, कुणाला उकडीचे मोदकसुद्धा हवेत.

या कप्तानाचं काम फोटोत दिसतं तसं वाऱ्यावर केस उडवत उभं राहायचं नसतं. शनिवारी सकाळी आधीचे पाहुणे उतरले की बोट धुवायची. इंजिनाचं तेल, पाण्याच्या टाक्या, गॅस, बॅटऱ्या, संडासाचा पंप, सगळं तपासायचं. दुपारी नवे पाहुणे आले की त्यांना जॅकेट कसं घालायचं, बोट कलली तर कुठे धरायचं हे शिकवायचं. रोज सकाळी हवामान बघायचं, रात्री नांगर कुठे टाकायचा ते ठरवायचं, आणि रात्री वारा फिरला तर उठून तो धरतो आहे ना ते पाहायचं. पाहुण्यांचं पोर उलट्या करायला लागलं तर तेही बघायचं. झोपायला पुष्कळदा नाळेकडची एवढीशी जागा. आठवडाभर सात-आठ परक्या माणसांबरोबर चाळीस-पन्नास फुटांत राहायचं आणि तोंडावर हसू ठेवायचं.

मी काकूंना म्हटलं, “अहो, हे तर सगळं बाईचंच काम झालं की! साफसफाई, पाहुणचार, आजारीपाजारी, रात्रीची जाग.”

त्यावर काकू म्हणाल्या ते मला फार पटलं. त्या म्हणाल्या, “हो, पण एक फरक आहे. दोन दिवस वारा जोरात होता. माझ्या जावयाला पलीकडच्या बेटावर जायचंच होतं, पैसे भरलेत म्हणत होता. ती शांतपणे ‘आज जायचं नाही’ म्हणाली. विषय संपला.”

मैत्रिणींनो, कप्तान होणं म्हणजे खरं तर हे. बोटीवर शेवटचा शब्द एकाच माणसाचा असतो, आणि तो शब्द बहुधा ‘नाही’ असतो. पैसे देणाऱ्या पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं. आपण घरं चालवतो, खोल्या चालवतो, बचत गट चालवतो. पण ‘आज जायचं नाही, मी सांगते म्हणून’ असं म्हणायची आणि ते ऐकलं जायची सवय आपल्यातल्या किती जणींना आहे? आमच्या पुळ्याच्या किनाऱ्यावर तर हा ‘नाही’ जिवाचा प्रश्न आहे. इथला समुद्र वरून शांत दिसतो, पण आतली ओढ माहीत नसलेल्याला घेऊन जाते. पाट्या लावलेल्या आहेत, जीवरक्षक शिट्या मारतात, तरी लोक ऐकत नाहीत. बुडण्याच्या बातम्या आम्हाला नव्या नाहीत.

स्वयंपाकघरातून सुकाणूपर्यंत

परदेशात तरी हे सहज झालं असं समजू नका. ट्रेसी एडवर्ड्‌स या इंग्रज बाईची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिने सुरुवात केली ती ग्रीसमध्ये भाड्याच्याच बोटीवर, पाहुण्यांची सरबराई करणारी मुलगी म्हणून. पुढे १९८५-८६ च्या ‘व्हिटब्रेड’ या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत तिला एका बोटीवर जागा मिळाली, तीही स्वयंपाकीण म्हणून. बाईला यापेक्षा वरची जागा मिळत नाही हे तिला कळून चुकलं. मग तिने घर गहाण टाकलं, ‘मेडन’ नावाची जुनी बोट विकत घेऊन दुरुस्त केली, फक्त बायकांचा चमू जमवला आणि १९८९ ची शर्यत लढवली. पेपरवाल्यांनी टर उडवली, या पहिल्या टप्प्यातच परत येतील म्हणाले. ‘मेडन’ने आपल्या गटात दोन टप्पे जिंकले आणि एकूण दुसरा क्रमांक मिळवला. त्या काळी ब्रिटनमध्ये ‘यॉट्समन ऑफ द इयर’ असा पुरस्कार होता. नावातच ‘मॅन’. तो मिळवणारी ट्रेसी पहिली बाई.

आपल्याकडेही मोठी कामं झाली आहेत. २०१७ च्या सप्टेंबरात गोव्याहून ‘तारिणी’ निघाली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी कप्तान, सोबत पाच जणी. २५४ दिवसांनी, २०१८ च्या मे महिन्यात त्या २१ हजार ६०० सागरी मैल कापून परतल्या. ही ‘तारिणी’ बांधली कुठे, तर गोव्यात, मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत. त्याच ‘तारिणी’वरून २०२४ च्या गांधीजयंतीला लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. निघाल्या. या वेळी दोघीच. केप हॉर्नचा खवळलेला समुद्र ओलांडून आठ महिन्यांनी, २०२५ च्या मे अखेरीस त्या गोव्यात परतल्या.

व्यापारी जहाजांवर कॅप्टन राधिका मेनन यांचं नाव घ्यायला हवं. २०१५ च्या जूनमध्ये ओडिशाजवळ वादळी समुद्रात भरकटलेल्या मच्छीमार नौकेतून सात जणांना त्यांच्या तेलवाहू जहाजाने वाचवलं. त्याबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार २०१६ मध्ये त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

हे वाचून ऊर भरून येतो. पण मला एक शंका येते. आपण बाईला पृथ्वीप्रदक्षिणा करताना बघून टाळ्या वाजवतो, आणि तीच बाई जयगडच्या खाडीत पर्यटकांची होडी चालवायला बसली तर भुवया उंचावतो. असं का? पराक्रम वर्षातून एकदा पेपरात येतो. पोटापाण्याचं काम रोज करावं लागतं, त्यात पैसा असतो, आणि तो आजवर कुणाच्या तरी हातात असतो. पराक्रमाला कुणी आडवं येत नाही, रोजगाराला येतात. जगातले आकडेच बघा. जहाजमालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगभरातल्या सुमारे १९ लाख दर्यावर्दी कामगारांत बायका होत्या २४ हजार ५९. म्हणजे शंभरात सव्वा!

वेंगुर्ल्याच्या बायका

मग आपल्या कोकणात कुणीच नाही का? आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ महिला बचत गट आहे. मच्छीमार घरांतल्या बायका. २०१७ पासून त्या पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. वल्ही त्याच मारतात, तिवराची-चिपीची झाडं आणि पक्षी त्याच दाखवतात, माहितीही त्याच सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासाठी आलेला प्रकल्प आणि आपल्या सरकारचा कांदळवन कक्ष यांची त्यांना साथ मिळाली. आता दूरदूरचे पाहुणे त्यांच्या होडीत बसायला येतात.

केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या के. सी. रेखा नवऱ्याबरोबर खोल समुद्रात मासेमारीला जाऊ लागल्या, आणि त्यांना त्याचा रीतसर परवाना मिळाला. तिथंही आधी ‘बाईने होडीवर पाय ठेवू नये’ हेच होतं. म्हणजे रूढी समुद्राची नाही, माणसांची आहे. समुद्राला सुकाणूवरचा हात बाईचा की बाप्याचा हे कळत नाही.

आता कुणी म्हणेल, होडी वल्हवणं वेगळं आणि शिडाची बोट वेगळी, तिला ताकद लागते. शीड ओढायला बोटीवर विंच असते, म्हणजे दोर गुंडाळायची चरखी. विहिरीच्या रहाटाचंच तत्त्व. उन्हाळ्यात विहिरीवरून पंचवीस कळश्या पाणी शेंदलेल्या बायकांना ताकदीचं कौतुक कुणी सांगू नये! तिकडे भाड्याच्या बोटीवर पगारी कप्तान व्हायचं तर ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची प्रमाणपत्रं जास्त चालतात. त्यांच्या ‘यॉटमास्टर ऑफशोअर’ परीक्षेला बसायला समुद्रावरचे ५० दिवस आणि २५०० सागरी मैलांचा अनुभव लागतो. त्यात रात्रीचे प्रवासही आले. शिवाय रेडिओचा परवाना आणि प्रथमोपचार. नोकरीसाठी वैद्यकीय दाखला आणि समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण वेगळं. यात किती किलो उचलता येतं हे कुणी विचारत नाही.

अडतं कुठे?

आता माझ्या पोटात गोळा का आला ते सांगते. भाचीला होडी येते, पण तिच्याकडे कागद नव्हता. प्रवासी होडी चालवायची तर होडीची नोंदणी आणि तपासणी लागते, चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे हे महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड बघतं. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता २०२१ चा आला आहे. त्यात ‘पुरुषच हवा’ असं कुठेही नाही. पण मुलगा बापाबरोबर होडीवर जातो तेव्हा ‘पुढे याला सर्टिफिकेट काढून देऊ’ असं घरात सहज बोललं जातं. मुलगी जाते तेव्हा ती ‘मदत’ करते. मदतीला कोण प्रमाणपत्र काढतं?

आणि जे व्हायचं ते झालंच. नाताळच्या सुट्टीत एका संध्याकाळी भाऊ धक्क्यावर तिकिटांचे पैसे घेत होता आणि भाची आठ पर्यटक घेऊन खाडीत होती. मुखाजवळ इंजिन बंद पडलं. ओहोटी लागलेली, पाणी बाहेर खेचत होतं. तिने पहिल्यांदा नांगर टाकला. तो धरलाय हे पाहिलं. सगळ्यांना खाली बसवलं, जॅकेटचे पट्टे पुन्हा तपासले आणि मग फोन केला. वीस मिनिटांत दुसरी होडी गेली, सगळे सुखरूप आले. वीस वर्षं होडी चालवणारा माणूसही यापेक्षा वेगळं काही करता ना.

धक्क्यावर उतरल्यावर एक गृहस्थ भावावर ओरडले, “पोरीच्या हातात बोट दिलीच कशी?”

मला राग आला. मुलगा असता तर शाबासकी मिळाली असती हे नक्की. पण रात्री विचार केला तेव्हा वाटलं, गृहस्थांचं अर्धं बरोबर होतं. ‘पोरीच्या’ हे चूक, पण ‘कशी’ हे बरोबर. कागद नसलेल्या हातात आठ जीव देणं ही आमची चूकच होती, मग ते हात कितीही तयार असोत. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. २०२४ च्या डिसेंबरात मुंबईजवळ ‘नीलकमल’ला नौदलाची बोट धडकली आणि १५ माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. अपघात घरी सांगून येत नाहीत. आणि उद्या एखाद्या होडीवर मुलगी असताना काही झालं, तर दोष इंजिनाला नाही, मुलीला लागेल, आणि पुढच्या दहा मुलींची वाट बंद होईल. म्हणून मी म्हणते, कागद बाईला पुरुषापेक्षा जास्त लागतो.

भावाने मात्र दुसराच उपाय काढला. “उद्यापासून होडीवर यायचं नाही.”

पैसा कुणाचा, नाव कुणाचं?

दुसरी अडचण भांडवलाची. होडी घ्यायची तर लाखांत पैसे. इथे योजना आहेत, आणि त्या मैत्रिणींनी माहीत करून घ्यायलाच हव्यात. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत बायकांना ६० टक्क्यांपर्यंत मदत आहे, सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के. राज्याचं ‘आई’ नावाचं महिला पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलं. त्यात बाईने पर्यटनाचा धंदा काढला तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज ठरावीक मर्यादेत सरकार भरतं. अट अशी की धंदा बाईच्या मालकीचा हवा आणि तिनेच चालवलेला हवा.

ही अट मला फार आवडली. कारण होतं काय, ते आपण ग्रामपंचायतीत पाहिलंय. १९९३ पासून बायकांना आरक्षण मिळालं, आणि पुष्कळ गावांत बाई सरपंच झाली खरी, पण खुर्चीशेजारी ‘सरपंचपती’ बसले. सही तिची, निर्णय त्यांचा. होड्यांचंही तेच होऊ शकतं. अनुदानासाठी होडी बायकोच्या नावावर आणि सुकाणू नवऱ्याच्या हातात. पण ग्रामपंचायतीतसुद्धा पुष्कळ जणी हळूहळू स्वतः बोलायला शिकल्याच ना? तेव्हा नावावर होडी आली तर ती नाकारू नका. फक्त तेवढ्यावर थांबू नका.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. बोटीवर चार-दोन माणसं आणि परके पाहुणे. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा माणसं कामाला असतील तिथे मालकाने तक्रार समिती नेमायची. पण एका होडीवर कुठली दहा माणसं? अशा ठिकाणच्या बाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिथे तक्रार करता येते. घरकाम करणाऱ्या, दुकानात काम करणाऱ्या बायकांनाही हीच समिती. लक्षात ठेवा, कधी कुणाच्या उपयोगी पडेल. आणि अगदी साधी गोष्ट, धक्क्यावर बायकांसाठी धड संडास. त्याच्याअभावी किती मुली दिवसभर पाणी न पिता काम करतात, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

चौथी गोष्ट मोसमाची. पावसाळ्यात जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या बंदच. तीन महिने कमाई नाही. पण हेच तीन महिने शिकायचे आहेत. गोव्याला केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे जीवरक्षणाचे आणि यांत्रिक बोट चालवण्याचे अभ्यासक्रम असतात. शिडाच्या बोटीची पायरी त्याच्या पुढची. आणि शिडाच्या भाड्याच्या बोटी आज गोव्यात, मुंबईत आहेत. उद्या आमच्या किनाऱ्यावर आल्या, तर त्यांच्यावर कोण असेल? बाहेरून आणलेली माणसं, आणि आमच्या मुली किनाऱ्यावर सोलकढी विकत? का सुकाणूवर?

बायोडाटा

भावाशी मी भांडले. म्हटलं, “तुझ्या पोरीने नांगर टाकला म्हणून आठ घरं वाचली. तिला घरी बसवतोस? मुलगा असता तर?” तो म्हणाला, “ताई, मुलगा असता तर त्याचं लग्न अडलं नसतं.”

खरी गाठ इथे होती. भाचीचं बघायला सुरुवात झाली होती. एका स्थळाने फोनवर विचारलं, “मुलगी काय करते?” वहिनी म्हणाली, “होडीवर असते.” पलीकडे नुसती शांतता. नंतर फोनच आला नाही. मी वहिनीला म्हटलं, “बरं झालं. जे घर होडीला घाबरलं, ते पुढे काय काय ऐकून घाबरलं असतं?” वहिनी हसली नाही. आईच्या जिवाला काय वाटतं ते मलाही कळतं. मी स्वतःच तर त्या सकाळी ‘बायका चुलीवर’ म्हणून मोकळी झाले होते.

तोड निघाली ती अशी. कागद हातात येईपर्यंत भाची होडी चालवणार नाही, हे तिने मान्य केलं. पावसाळ्यात गोव्याला शिकायला जायला भावाने हो म्हटलं. फीचे निम्मे पैसे माझ्या खोल्यांतून. पुढे शिडाचं शिकायचं का, परदेशात जायचं का, ते तिचं ती बघेल. कदाचित जयगडच्या खाडीतच राहील. तेही काही कमी नाही.

मैत्रिणींनो, तुम्हीही कोकणात याल, होडीत बसाल. बसण्याआधी जॅकेट मागा, होडीचा परवाना कुठे लावलाय ते बघा, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र विचारा. हा तुमचा हक्क आहे. आणि सुकाणूवर एखादी मुलगी दिसली तर तिलाही कागद जरूर विचारा. फक्त ‘घरातलं पुरुषमाणूस कुठाय?’ असं तेवढं विचारू नका.

परवा वहिनीने नवा बायोडाटा लिहायला माझ्याकडे पाठवला. शिक्षण, उंची, रास, सगळं भरलेलं. ‘व्यवसाय’ या शब्दापुढची जागा मात्र रिकामी. काय लिहावं ते वहिनीला सुचेना. मी भाचीलाच विचारलं. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, जरा थांबली आणि लिहिलं, ‘नाखवीण’. मग कंसात घातलं, ‘स्वतः’.